गांधींचं घर आणि आपली रेल्वे लाइन

(पोस्ट मोठी आहे. कल्याण फास्टमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ताच वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.)

आज ३० जानेवारी. सकाळी अकरा वाजता दोन मिनिटं शांतता, कुठेतरी फोटोला हार, आणि साडेअकरापासून व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षीचं ठरलेलं भांडण. गांधी बरोबर की चूक, पंचावन्न कोटी, फाळणी, वगैरे. त्या भांडणात आज मी पडणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. ज्या घरातला माणूस गोळ्या घालून मारला, त्या घराचं पुढे काय झालं? आपल्या ओळखीतल्या एखाद्या घरात असं काही घडलं तर पुढच्या पिढ्या काय करतात हे आपण पाहतो. कोणी सूड उगवायला निघतो, कोणी कडवट होतो, कोणी त्या मरणावर निवडणूक लढवतो. गांधींच्या घरात काय झालं? अहिंसा हा शब्द त्या घरात तसबिरीसारखा भिंतीवर राहिला, की कोणी तो रोज वापरला?

हे आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण या गोष्टीतली बरीचशी ठिकाणं आपल्याच लाइनवर आहेत. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कसारा घाट चढून भुसावळ, शेगाव, अकोला करत वर्ध्याला जातो, म्हणजे सेवाग्रामला. दुसरा कर्जतवरून पुण्याला आणि तिथून पुढे कोल्हापूरला. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत अटक केलेल्या गांधींना घेऊन इंग्रजांची खास गाडी याच दुसऱ्या फाट्यानं गेली. चिंचवडला त्यांना उतरवलं आणि आगाखान पॅलेसमध्ये नेऊन ठेवलं. रोज आपण दाराला लटकून जातो तोच हा मार्ग.

तर सुरुवात ठाण्यापासूनच करू.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. मदनलाल पहावा जागीच पकडला गेला, बाकीचे पांगले. कट फसला होता. त्यानंतरच्या आठवड्यात विष्णू करकरे ठाण्यात एका ओळखीच्या घरी उतरला होता, आणि नथुराम गोडसे आणि नारायण आपटे त्याला ठाण्यात येऊन भेटले. खटल्याच्या नोंदींत हे आलेलं आहे. २७ तारखेला गोडसे आणि आपटे विमानानं दिल्लीला गेले, ग्वाल्हेरहून पिस्तूल मिळवलं, आणि ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ठाणेकरांना दोष द्यायला हे सांगत नाहीये. एखाद्या गावात दोन माणसं भेटली म्हणून गाव दोषी होत नाही. नेमकी हीच साधी गोष्ट पुढच्या चार दिवसांत पश्चिम महाराष्ट्र विसरला. मारेकरी ब्राह्मण होते म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, दुकानं लुटली गेली. गांधींचं नाव घेत हे झालं! कित्येक कुटुंबं गाव सोडून शहरांकडे आली. ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ म्हटलं की अजून गप्प होणारी म्हातारी माणसं आपल्याकडच्या चाळींत आणि सोसायट्यांमध्ये होती, काही अजूनही आहेत.

आता याच वेळी गांधींच्या घरात काय चाललं होतं ते बघा.

बापूंचे दुसरे चिरंजीव मणिलाल. आयुष्य बहुतेक दक्षिण आफ्रिकेत गेलं. बापूंनी सुरू केलेलं ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक त्यांनी मरेपर्यंत चालवलं. त्यांची बायको सुशीला ही अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातली, किशोरलाल मशरूवालांची पुतणी. मार्च १९२७ मध्ये लग्न अकोल्यालाच झालं. म्हणजे गांधींच्या आफ्रिकेतल्या नातवंडांचं आजोळ आपल्या वऱ्हाडातलं.

मणिलाल नुसते ‘गांधींचे चिरंजीव’ नव्हते. दांडी यात्रेत ते होते, आणि २१ मे १९३० ला धारासणाच्या मिठागरावर स्वयंसेवकांच्या तुकड्या लोखंडी टोकाच्या लाठ्या खायला पुढे गेल्या तेव्हा ते पुढच्या लोकांत होते. अमेरिकन वार्ताहर वेब मिलरनं ते पाहून जगभर बातमी पाठवली. हात न उचलता एकामागून एक रांग कोसळत होती. मार खाऊन हात न उचलणं म्हणजे काय हे मणिलालना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

या मणिलालनी आणि त्यांचे धाकटे भाऊ रामदास यांनी, वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी झाली तेव्हा, फाशी देऊ नका म्हणून दयेची विनंती केली. सरकारनं ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटेला फाशी झाली.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघा. गांधींना कधी न भेटलेली माणसं गांधींच्या नावानं शेजाऱ्याचं घर पेटवतात. आणि ज्यांचा बाप गेला ती मुलं म्हणतात, त्या दोघांना मारू नका. वारसा कुणाकडे गेला हे सांगायला वंशावळ लागत नाही.

पण मला खरं म्हणजे मणिलालच्या मुलाबद्दल लिहायचंय. अरुण गांधी. कारण त्यांची गोष्ट जास्त आपल्यासारखी आहे. हा माणूस जन्मतः शांत नव्हता. रागीट होता.

जन्म १४ एप्रिल १९३४, डर्बन. लहानपण फिनिक्स आश्रमात, उसाच्या शेतांच्या मध्ये. दहा वर्षांचा असताना गोऱ्या पोरांनी बडवलं, कारण हा फार काळा. काही महिन्यांनी काळ्या पोरांनी बडवलं, कारण हा पुरेसा काळा नाही! पोरगं चिडलं. व्यायाम करून अंग कमवायचं आणि एकेकाला परत हाणायचं, असा बेत चालला. आईबापांनी ओळखलं की हे काही खरं नाही, आणि १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याला आजोबांकडे भारतात पाठवून दिलं.

आजोबा त्या वेळी जगातल्या सगळ्यात व्यग्र माणसांपैकी एक. देश फाळणीच्या तोंडावर. तरी ते रोज या नातवासाठी वेळ काढत. त्या दिवसांतल्या दोन गोष्टी अरुणजी आयुष्यभर सांगत आले.

पहिली पेन्सिलीची. शाळेतून येताना हातात तीन इंचांचा पेन्सिलीचा तुकडा राहिला होता. आता नवी मिळायला हवी, असा विचार करून पोरानं तो फेकून दिला आणि संध्याकाळी आजोबांकडे नवी मागितली. आजोबांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. का फेकलीस? कुठे फेकलीस? आणि शेवटी हातात टॉर्च देऊन सांगितलं, जा, शोधून आण. अंधारात दोनेक तास शोधून तुकडा मिळाला. मग आजोबांनी समजावलं. एवढीशी पेन्सिल करायलाही निसर्गातलं काहीतरी खर्ची पडतं. ती फेकणं ही निसर्गावरची हिंसा. आणि आपण पैसेवाले म्हणून गरजेपेक्षा जास्त वापरतो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं कमी होतं. ती माणसांवरची हिंसा.

आपल्याला हे फार ताणलेलं वाटतं ना? मग जरा आधारवाडी आठवा. कल्याणच्या लोकांनी वर्षानुवर्षं तो कचऱ्याचा डोंगर पाहिलाय, उन्हाळ्यात तो धुमसायला लागला की खिडक्या लावून घेतल्यात. तो डोंगर कुणा एका खलनायकानं रचलेला नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या तीन इंचांच्या पेन्सिली होत्या त्या. आणि त्याचा धूर सगळ्यात आधी कोण खायचं? ज्यांनी सगळ्यात कमी फेकलं ते, शेजारच्या वस्तीतले.

दुसरी गोष्ट झाडाची. आजोबांनी नातवाला भिंतीवर हिंसेचं झाड काढायला लावलं, वंशवृक्ष काढतात तसं. त्याच्या दोन फांद्या. एका बाजूला अंगावर धावून जाणारी हिंसा: मारहाण, खून, युद्ध. दुसऱ्या बाजूला न दिसणारी हिंसा: टोमणा, अपमान, भेदभाव, वाया घालवणं, तुच्छ लेखणं, दुसऱ्याला खोळंबवणं. रोज रात्री झोपायच्या आधी दिवसभरात काय केलं, काय पाहिलं, ते ज्या त्या फांदीवर लिहायचं. थोड्याच दिवसांत पहिली फांदी होती तेवढीच राहिली आणि दुसरीनं भिंत भरली. आजोबांचं म्हणणं असं की ही न दिसणारी हिंसाच दुसऱ्याच्या मनात राग साठवते आणि तो राग एक दिवस हात उचलतो. वरवर पाणी मारून आग विझत नाही, खालून इंधन कोण घालतंय ते बघावं लागतं.

रागाबद्दल बापूंचं सांगणंही नीट समजून घेण्यासारखं आहे. राग येऊ देऊ नकोस, असं त्यांनी नातवाला सांगितलं नाही. ते म्हणत की राग विजेसारखा असतो. मोकळा सोडला तर जाळतो, तारेतून नेला तर दिवा लावतो.

यानंतर हा मुलगा आफ्रिकेला परत गेला आणि थोड्याच दिवसांत आजोबा मारले गेल्याची बातमी आली. वय तेरा. अरुणजींनी पुढे मोकळेपणानं सांगितलंय की त्यांच्या मनात पहिली ऊर्मी त्या मारेकऱ्याचा गळा घोटायची आली. दोन वर्षं आजोबांच्या पायाशी बसलेल्या नातवाची ही अवस्था! आईवडिलांनी त्याला जवळ बसवून क्षमेची आठवण करून दिली. अहिंसा रक्तातून येत नाही, ती शिकावी लागते आणि परत परत शिकावी लागते, याला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

सोळाव्या वर्षी असाच एक धडा बापानं दिला. मणिलालना शहरात सोडून अरुणनं गाडी दुरुस्तीला टाकली आणि जॉन वेनचा सिनेमा बघत बसला. न्यायला एक तास उशीर झाला, आणि ‘गाडी तयार नव्हती’ म्हणून थाप मारली. मणिलालनी गॅरेजला आधीच फोन केला होता. ते एवढंच म्हणाले, तुला माझ्याशी खरं बोलायचं धैर्य झालं नाही, म्हणजे तुला वाढवण्यात माझं काहीतरी चुकलं, ते काय हे शोधत मी चालत घरी जातो. अठरा मैल. म्हणजे सीएसएमटीपासून जवळपास मुलुंडपर्यंत, रात्री, कच्च्या रस्त्यानं, सूटबुटात. पोरगं मागून गाडीच्या उजेडात हळूहळू चालवत साडेपाच तास बापाची पाठ बघत होतं. त्या दिवशी मार पडला असता तर मी विसरलो असतो, असं ते सांगत.

आता अरुणजी मुंबईत येतात. १९५६ च्या सुमाराला इथल्या रुग्णालयात उपचार घेत असताना एका मराठी परिचारिकेशी ओळख झाली. सुनंदा आंबेगावकर. १९५७ मध्ये लग्न. पण दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी कायद्यानं भारतातली बायको तिकडे न्यायला बंदी घातली होती. एकतर बायको, नाहीतर देश. अरुणजींनी बायको निवडली आणि मायदेश, विधवा आई, बहिणी सगळं मागे ठेवून मुंबईकर झाले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जवळपास तीस वर्षं नोकरी केली.

ज्या राजवटीनं घर तोडलं तिचाच एक गोरा खासदार एकदा मुंबई बंदरात त्यांना भेटला. तो जहाजावरून उतरलेला प्रवासी, वर्णभेदाचा उघड समर्थक. अरुणजींना वाटलं, याला इथेच चार शब्द सुनवावेत. पण त्यांनी आवंढा गिळला, ‘तुमच्या कायद्यामुळे मी इथे अडकलोय, पण माझ्या शहरात तुम्ही पाहुणे आहात’ असं सांगितलं आणि सुनंदाताईंबरोबर त्या नवरा-बायकोला मुंबई फिरवली. बोलणं झालं, वाद झाले, आवाज न चढवता. निरोप घेताना तो खासदार रडला, आणि परत गेल्यावर वर्णभेदाविरुद्ध बोलायला लागला, असं अरुणजी सांगत. विचार करा, बंदरावर चार शिव्या दिल्या असत्या तर काय झालं असतं? तो माणूस आपल्या मताला आणखी घट्ट धरून परत गेला असता.

नोकरी सांभाळून या जोडप्यानं आणखी कामं केली. टाकून दिलेली सुमारे सव्वाशे मुलं त्यांनी घरांघरांत दत्तक दिली. मुंबईच्या फुटपाथवर झोपणाऱ्या, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या मजुरांना त्यांनी रोज एक नाणं बाजूला टाकायला लावलं. त्यातून जुने यंत्रमाग घेऊन ती माणसं गावी परतली आणि पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना सुरू झाला. भिवंडीच्या शेजारी राहणाऱ्यांना यंत्रमागाची खटखट म्हणजे किती घरांची चूल, हे सांगायला नको. बापूंच्या चरख्याच्या जागी नातवानं यंत्रमाग आणला म्हणून कोणी नाक मुरडेल. मला तर हाच खरा वारसदार वाटतो. त्यानं वस्तू सोडली आणि कल्पना धरली.

१९८७ मध्ये दोघं अमेरिकेला गेले. १९९१ मध्ये मेम्फिस शहरात अहिंसेच्या शिक्षणासाठी गांधींच्या नावानं संस्था काढली. मेम्फिस म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला ते शहर. २००७ मध्ये सुनंदाताई गेल्या, संस्था रोचेस्टर विद्यापीठात हलली. आणि जानेवारी २००८ मध्ये अरुणजी घसरले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संकेतस्थळावर त्यांनी इस्रायल आणि ज्यू लोक यांच्याबद्दल सरसकट विधान केलं, हिंसेच्या संस्कृतीचं खापर एका अख्ख्या समाजावर फोडलं. मोठा गदारोळ झाला. त्यांनी माफी मागितली आणि स्वतः उभ्या केलेल्या संस्थेचा राजीनामा दिला.

ही गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. एका सरकारचा राग अख्ख्या समाजावर काढणं हीच तर अठ्ठेचाळीसची चूक. एका गोडसेचा राग हजारो घरांवर. गांधींच्या नातवाकडूनही ती झाली. पण त्यानंतर त्यांनी काय केलं? ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ म्हणत बसले नाहीत. माफी मागितली, खुर्ची सोडली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी नव्यानं काम सुरू केलं. आपल्याकडचे किती नेते एवढं करतात, मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतील.

ते नवं काम त्यांना कल्याणच्या दुसऱ्या फाट्यावर, कोल्हापूरला घेऊन आलं. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’ संस्थेसाठी ते परदेशातून पैसे उभे करायचे आणि येऊन राहायचे. भट्टीवरची मुलं दरवर्षी आईबापांबरोबर स्थलांतर करतात, शाळा सुटते ती सुटतेच. स्वतःला ते ‘शांततेचा शेतकरी’ म्हणवायचे. बी पेरायचं, उगवेल तेव्हा उगवेल. तिथेच कोल्हापुरात २ मे २०२३ ला, एकोणनव्वदाव्या वर्षी ते गेले. अंत्यसंस्कारही तिथेच झाले. ज्या जिल्ह्यात गांधींच्या नावानं घरं पेटवली होती, त्याच जिल्ह्यात गांधींच्या नातवानं भट्टीवरच्या पोरांसाठी शेवटची वर्षं घालवली.

आता चौथी पिढी, तुषार गांधी. हे तर जन्मानंच आपल्या लाइनचे! १७ जानेवारी १९६० ला सुनंदाताई नागपूरमार्गे हावडा मेलनं प्रवास करत होत्या आणि गाडी शेगाव स्टेशनात थांबलेली असताना तुषार जन्मले, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. वाढले सांताक्रूझला. ओडिशात कटकच्या बँकेच्या तिजोरीत बापूंचा अस्थिकलश वर्षानुवर्षं पडून असल्याचं कळल्यावर ते कोर्टापर्यंत गेले आणि ३० जानेवारी १९९७ ला, आजच्याच तारखेला, अलाहाबादच्या संगमावर त्यांनी अस्थी विसर्जित केल्या.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि सगळीच चुकीची होती असं म्हणवत नाही. २००९ मध्ये माँ ब्लाँ कंपनीनं गांधींच्या नावाचं सोन्याचं पेन काढलं. किंमत सुमारे साडेअकरा लाख. २४१ नग, दांडी यात्रेच्या २४१ मैलांसाठी. तुषार गांधींनी कंपनीची देणगी घेतली आणि ती कोल्हापूरच्या सुटका केलेल्या बालकामगारांच्या निवाऱ्यासाठी आहे असं सांगितलं. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं आणि विक्री थांबली. तीन इंचांची पेन्सिल टॉर्च घेऊन शोधायला लावणाऱ्या माणसाच्या नावाचं साडेअकरा लाखांचं पेन! पैसे चांगल्या कामाला जाणार होते हे खरं. पण त्या टॉर्चची गोष्ट ऐकलेल्या घरानं हे पेन नाकारायला हवं होतं, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं, खाली लिहा.

पण याच तुषार गांधींचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. गोरक्षेच्या नावानं जमाव माणसं मारायला लागले तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांत ते होते. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी एक जबाबदार पोलीस अधिकारी नेमा, असा आदेश सप्टेंबर २०१७ मध्ये आला, आणि १७ जुलै २०१८ ला न्यायालयानं झुंडबळी रोखण्याचे सविस्तर नियम घालून दिले. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच नाथपंथी डवरी गोसावी ठेचून मारले गेले होते. आणि १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. हा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्या याचिकेतून आलेले नियम मेलेल्याची जात, धर्म विचारत नाहीत. गाईच्या नावानं मारलेल्यालाही लागू, भगव्या कफनीतल्या साधूलाही लागू. अहिंसेचं काम असंच असतं. ते आपल्या माणसापुरतं ठेवता येत नाही.

९ ऑगस्ट २०२३ ला क्रांतिदिनाच्या शांतता फेरीसाठी ऑगस्ट क्रांती मैदानाकडे निघालेल्या तुषार गांधींना सांताक्रूझ पोलिसांनी सकाळी अडवून ठेवलं, नंतर सोडलं. बापू आणि बा यांना १९४२ मध्ये याच तारखेला अटक झाली होती, आणि त्याचा अभिमान वाटतो, असं ते म्हणाले. राजकारण बाजूला ठेवा. चौथ्या पिढीलाही रस्त्यावर उतरावं लागतं, हे लक्षात ठेवा.

इतकं सगळं वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, ते गांधींच्या घरचे, त्यांना शोभतं. आपण सामान्य माणसं. म्हणून शेवटची गोष्ट आपल्या शेजारची, जिच्यात कोणी गांधी नाही.

भिवंडी. मे १९७० ची दंगल, मग मे १९८४ ची. दुसऱ्या वेळी आग कल्याण, ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली. भिवंडी म्हटलं की दंगल, असं समीकरणच झालं. १९८८ च्या सुमाराला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. मोठे पुढारी घेतले नाहीत. गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान, हवालदाराबरोबर नेमानं बसायची आणि बोलायची. विषय काय? गटार, नळ, भाड्याची भांडणं, लाउडस्पीकर, पोरांच्या मारामाऱ्या. दंगल नसताना बसायचं, ही त्यातली खुबी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा सगळ्यांनी भिवंडीकडे बघितलं. भिवंडी शांत राहिली.

नीट बघा, हे ते भिंतीवरचं झाडच आहे. गटार आणि नळाची भांडणं म्हणजे दुसरी फांदी. ती रोज छाटली म्हणून पहिली फांदी फुटली नाही. हे करणाऱ्यांत बापूंचा ना नातू होता ना पणतू. खाकी वर्दीतला एक अधिकारी, काही हवालदार, काही माग कामगार, काही दुकानदार.

आज आपल्याकडे तसंच इंधन रोज साठतंय. चौथ्या सीटवरून मारामारी. दरवाजा अडवणाऱ्यांशी बाचाबाची. पार्किंगवरून सोसायटीत पोलीस. भाषेवरून कुणाच्या कानाखाली, आणि त्याचा व्हिडिओ. मराठीचा आग्रह मीही धरतो आणि धरत राहीन. पण ज्याला मराठी शिकवायचीय त्याला आधी मारून ती शिकवता येत नाही. मार खाल्लेला माणूस भाषा शिकत नाही, हिशेब ठेवतो. तसंच इथे वर्षानुवर्षं राहून मराठीला तुच्छ लेखणं हीसुद्धा त्याच झाडाची फांदी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. दोन्हीकडून पाणी घातलं की झाड वाढतंच.

म्हणून एक सुचवतो. पुतळ्याला हार घालायचा तर घाला. पण एक आठवडा, झोपायच्या आधी, एका कागदावर ते झाड काढून बघा. दोन फांद्या. आज गाडीत कुणाला काय बोललो, रिक्षावाल्याला कसं हाक मारली, कामाच्या बाईंना कोणत्या कपात चहा दिला, फॅमिली ग्रुपवर कुठल्या समाजाबद्दल काय फॉरवर्ड केलं. खरं लिहा, कुणाला दाखवायचं नाही. आठवड्यानं कोणती फांदी जाड झाली ते बघा.

आणि घरात लहान मूल असेल तर त्यालाही काढायला सांगा. फक्त एक तयारी ठेवा, त्याच्या झाडावर आपलं नाव निघू शकतं.

(पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये वाद घाला. फक्त आजच्या दिवशी शिव्या नकोत, एवढीच विनंती.)